सोबतीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

माझ्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. बी.कॉम. होऊन कारकुनी पत्करली तेव्हापासून पैसा गेला की लिहून ठेवायचा, ही सवय हाताला लागली ती आजवर सुटलेली नाही. दुधाचा हिशेब, महिला मंडळाची वर्गणी, विहाराच्या रंगकामाचा खर्च, जयंतीच्या पावतीपुस्तकांचे नंबर, सारे त्या वहीत आहे. त्याच वहीच्या शेवटच्या काही पानांवर एका मुलीचा हिशेब आहे. पानाच्या डोक्यावर तिचे नाव नाही. नुसता 'पो.' आहे. पोर या शब्दातला 'पो'.

तिचे नाव कायद्याने छापता येत नाही, आणि छापता आले असते तरी मी छापले नसते. आमचा मुरुड तालुका लहान आहे. वाडी सांगितली की घर कळते आणि घर कळले की पोर कळते. म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. जे घडले ते मात्र असेच घडले.

पावसाच्या तोंडावरची संध्याकाळ होती. कचेरीतून येऊन मी चहा ठेवला होता. दारात तिची आई उभी. पर्यटकांच्या एका हॉटेलात ती भांडी घासते. आत ये म्हटले तर आली नाही. उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, "ताई, माझी पोरगी बोलत नाय. चार दिस झाले. जेवत नाय, बोलत नाय." मग पदराआडून हळूहळू एकेक शब्द आला. पोर तेव्हा चौथीत. करणारा माणूस नात्यातला, आपल्याच समाजातला. जयंतीची कमान उभारायला सर्वांच्या पुढे असणारा.

आता पुढचे लिहायला मला लाज वाटते. परंतु कुटुंबाच्या पानावर खोटे लिहून काय उपयोग? मी तिला म्हणाले, "दोन दिवस थांब. मी थोरांशी बोलते."

थोर मंडळी बसली. एक म्हणाले, "पोलिसात गेले तर पेपरात येईल, समाजाचे नाव जाईल." दुसरे म्हणाले, "पोरीला उद्या उजवायची आहे, विसरू नका." तिसऱ्यांनी तोडगा काढला, "त्याला आपण समज देऊ, दंड करू, गावाबाहेर पाठवू." दर २० मार्चला महाडला जाऊन चवदार तळ्याच्या पायरीवर उभी राहणारी मी, त्या बैठकीत सतरंजीची कड उसवत बसले होते. दोन दिवसांचे पाच दिवस झाले. पाचव्या दिवशी तिची आई पुन्हा आली. रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला विचारून मी थांबले."

बंधू-भगिनींनो, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्याच रात्री आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. नंतर कायदा वाचला तेव्हा कळले की थांबणे हा माझा अधिकारच नव्हता. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे 'पोक्सो' म्हणतात, तो २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा ज्याला कळतो त्याने तो कळवलाच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे. समाजाच्या बैठकीला तो मिटवण्याचा हक्क नाही. आमच्या बैठकीला तर नव्हताच नव्हता.

त्यानंतरचा प्रवास वहीत आहे. जबाब झाला, तपासणी झाली, अटक झाली, आणि मग सुरू झाल्या तारखा. मुरुडहून अलिबाग सुमारे पन्नास किलोमीटर. नांदगाव, काशीद, साळावचा पूल, रेवदंडा, चौल, मग अलिबाग. हा रस्ता फार सुंदर आहे, समुद्र पाहायला मुंबई-पुण्याची माणसे पैसे मोजून येतात. ती पोर मात्र खिडकीशी बसून कधी समुद्राकडे पाहत नसे. साळावचा पूल आला की तिला उलटी व्हायची, म्हणून पिशवीत लिंबू आणि जुने वर्तमानपत्र ठेवायचे, हेही मी वहीत लिहून ठेवले आहे.

अडीच वर्षांत एकूण १७ खेपा झाल्या. त्यातल्या ९ खेपांना नुसती पुढची तारीख मिळाली. आईचा १७ दिवसांचा रोज बुडाला. रोजाला ४०० रुपये धरले तर ६ हजार ८०० रुपये झाले. भाडे, चहा, वडापाव, झेरॉक्स, फोटो, गोळ्या-औषधे हे वेगळेच. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेवढा भार हलका झाला. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. ते अर्धे तिकीट म्हणजे सरकारी तिजोरीतला पैसाच आहे. त्यासाठी अर्ज करावा लागला नाही, ओळख लागली नाही, कोणाच्या पाया पडावे लागले नाही. कंडक्टरने तिकीट फाडले आणि तो आमच्या हाती आला. सरकारचा पैसा माणसापर्यंत असा पोचू शकतो, हे ध्यानात ठेवा.

१७ पैकी १६ खेपांना मी सोबत होते. किरकोळ रजा संपल्या, मग बिनपगारी काढल्या. त्याचे मला काही वाटले नाही. पाच दिवस थांबवल्याचे ते देणे होते आणि मी ते फेडीत होते. परंतु एका खेपेला कचेरीत वर्षअखेरीचे काम निघाले आणि रजा मिळाली नाही. "तुम्ही दोघी जाऊन या, वाट माहीत आहे," असे मी म्हणाले. वाट त्यांना माहीत होतीच. त्या दिवशी परतीच्या गाडीत आरोपीच्या घरची दोन माणसे समोरच्या बाकावर बसली. शिवी दिली नाही, हात लावला नाही. दीड-दोन तास नुसती बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत गेली नाही. रात्री पुन्हा अंथरूण ओले करू लागली. आठवड्याने आई आली आणि म्हणाली, "ताई, केस मागे घेऊ या. आम्हाला नको तुमचा न्याय."

तुमचा न्याय! तो शब्द मला फार लागला. परंतु तिचे काय चुकले? कायदा पोरीच्या बाजूने होता, साक्ष तिच्या बाजूने होती, सरकारी वकील तिच्या बाजूने उभे होते. तरी सारा खटला एका कारकुनीच्या एका दिवसाच्या रजेवर टांगलेला होता. बाजूला बसायला कोणी नव्हते म्हणून तो मोडायला आला होता. आईची समजूत घालायला मला तीन आठवडे लागले. पुढच्या तारखेला मी गेले. विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेल्या एका वकीलबाई न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटल्या. त्यांनी सहज विचारले, "मुलीला सहायक व्यक्ती दिली आहे ना?"

मी विचारले, "ती कोण?"

दीड वर्ष उलटून गेल्यावर मला हा शब्द कळला. तो तुम्हाला आज, या पानावर कळावा, म्हणून हा लेख.

पोक्सो कायद्याखाली २०२० साली नवे नियम झाले. त्यांत असे आहे की गुन्हा कळल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचे. समितीने मुलाच्या व पालकांच्या संमतीने त्याला एक सहायक व्यक्ती द्यायची. या व्यक्तीने काय करायचे? तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या सोबत राहायचे. खटल्यात काय चालले आहे ते घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे. दवाखाना, समुपदेशन, शाळा, नुकसानभरपाईचा अर्ज यांचा पाठपुरावा करायचा. मुलाची गुप्तता राखायची. थोडक्यात, मी जे रजा टाकून, अर्धवट माहितीवर, चुकत-माकत करीत होते, ते शिकलेल्या माणसाने रीतसर करायचे.

आणि हे फुकटात नाही. राज्य सरकारने त्याचे मानधन बाल न्याय कायद्याच्या कलम १०५ खालच्या निधीतून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडच्या पैशातून द्यायचे, असे नियमात आहे. किती द्यायचे, याची खालची मर्यादाही आहे. नियम झाले तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कुशल कामगाराला जे ठरले होते, त्याहून कमी नाही.

कुशल कामगार! हे वाचले तेव्हा मी वही मिटून क्षणभर बसून राहिले. मजूरमंत्री या नात्याने किमान वेतनाचे विधेयक १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कोणी मांडले होते? आपल्या बाबासाहेबांनी. कामगाराच्या घामाला किमान दर असावा म्हणून त्यांनी जी रेघ आखली, तीच रेघ इतक्या वर्षांनी एका घाबरलेल्या पोरीचा हात धरणाऱ्या माणसाच्या कामाला लावली गेली. हात धरणे हेही काम आहे, त्याला कौशल्य लागते आणि त्याचा मोबदला सरकारने द्यायचा असतो, एवढे त्या एका ओळीत आहे.

मग ही व्यक्ती आमच्या पोरीला का मिळाली नाही? कोणा एकाला दोष देऊन मला हात झटकायचे नाहीत. आम्ही मागितली नाही, कारण आम्हाला माहीत नव्हती. सांगायचे ज्यांचे काम होते त्यांनी सांगितले नाही. असे आमच्याच बाबतीत झाले असेही नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर उत्तर प्रदेशातले एक प्रकरण गेले. १८ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की सहायक व्यक्ती घ्यायची की नाही हे नुसते पालकांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. ती मिळते आणि मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे प्रत्येक पालकाला सांगितलेच पाहिजे. या व्यक्तींना प्रशिक्षण मिळावे आणि शिक्षण-अनुभवाप्रमाणे योग्य मोबदला मिळावा, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे दुखणे देशभराचे आहे.

आता पैशाची दुसरी बाजू सांगते. ती अधिक नाजूक आहे.

महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना लागू झाली. बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना अर्थसाहाय्य देणारी ही योजना. सुरुवातीला ते २ ते ३ लाखांपर्यंत होते. २०१७ साली योजना सुधारली, गंभीर प्रकरणांत मर्यादा १० लाखांपर्यंत गेली आणि निर्णयाचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. रकमेचा मोठा भाग मुलीच्या नावे मुदत ठेवीत राहतो. हे योग्यच आहे, नाहीतर नात्यातलीच माणसे तो पैसा संपवतील. आमच्या पोरीचाही अर्ज झाला. थोडी रक्कम हाती आली, बाकी ठेवीत गेली.

आणि वाडीत कुजबुज सुरू झाली. "पोरीचे पैसे आले म्हणे." "म्हणून तर केस केली." नळावर तिच्या आईला ऐकू जाईल अशा बेताने बायका बोलत. ज्या बायका बोलल्या त्या परक्या नव्हत्या. आपल्याच होत्या. त्यातल्या दोघी माझ्या मंडळात आहेत.

आपल्या लोकांच्या मनात एक गल्लतही आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातीच्या पीडितांना सरकारी मदत मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. १९९० साली बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरले गेले, तेव्हापासून तो आधार आपल्यालाही आहे. परंतु तो कायदा लागू व्हायला गुन्हा करणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. आमच्या प्रकरणात तो आपल्यातलाच होता. म्हणून काहीजण म्हणाले, "यात काही मिळायचे नाही, गप्प बसा." हे चूक आहे. पोक्सोची मदत आणि मनोधैर्य योजना जात पाहत नाही. करणारा कोण आहे तेही पाहत नाही. आणि करणारा बहुधा ओळखीचाच असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते. छळणाऱ्यांत जवळजवळ निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत तर शंभरातले नव्वदहून अधिक आरोपी ओळखीचे निघतात. तेव्हा आपल्या वस्तीत हे घडत नाही असे म्हणणारा डोळे मिटून बसलेला आहे.

भरपाईच्या रकमेला मी नावे ठेवत नाही. ती हक्काची आहे आणि सर्वांनी मागावी. परंतु वहीच्या भाषेत बोलायचे तर भरपाई ही एकदाची नोंद आहे. पोरीचे दुखणे रोजचे आहे. तिला रात्री भीती वाटते तेव्हा ठेवीची पावती उशाशी ठेवून झोप लागत नाही. तिला हवे असते आठवड्याला येऊन बोलणारे माणूस, शाळेत बाईंना समजावणारे माणूस, तारखेला गाडीत शेजारी बसणारे माणूस. हा खर्च पगाराचा आहे. दरमहा, वेळेवर, अनेक वर्षे द्यायचा. आणि आपल्या सरकारी व्यवहाराची खोड अशी की एकदाचा धनादेश काढणे त्याला सोपे जाते, माणूस नेमून दरमहा पगार देणे जड जाते. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी काढला गेला. त्यातला मोठा भाग पहिली काही वर्षे खर्चच झाला नाही. कारकुनाला याचा अर्थ लगेच कळतो. तरतूद आहे, लेखाशीर्ष आहे, परंतु खाली काम करणारा माणूस नेमलेला नाही.

हे जमणारच नाही असे मात्र नाही. आपल्या मुंबईतच जमवून दाखवले आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या शेजारी शिकलेली समाजकार्यकर्ती टेबल टाकून बसली. पुढे राज्य सरकारने ती कल्पना उचलली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उघडले. मार खाऊन, अत्याचार सोसून आलेल्या बाईची मलमपट्टी होत असतानाच तिच्याशी बोलणारे माणूस त्याच इमारतीत बसलेले. काही वर्षांनी पालिकेने ते स्वतःच्या कारभारात घेतले. म्हणजे रुग्णालयात जशी परिचारिका असते तशी समुपदेशक असू शकते, आणि तिचा पगार करदात्यांच्या पैशातून होऊ शकतो. १०९८ हा मुलांसाठीचा फोनही १९९६ साली टाटा संस्थेच्याच पुढाकाराने मुंबईत सुरू झाला आणि पुढे देशभर गेला. २०२३ मध्ये तो सरकारने आपल्या हाती घेतला.

दूरचे उदाहरण हवे असेल तर आइसलँडचे घ्या. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. आपल्या रायगड जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत २६ लाखांवर होती. त्या चिमुकल्या देशाने १९९८ साली 'मुलांचे घर' काढले. अत्याचार झालेल्या मुलाने पोलीस, दवाखाना, न्यायालय असे हिंडायचे नाही. साध्या घरासारख्या एका ठिकाणी त्याचे म्हणणे एकदाच नीट ऐकून घ्यायचे, तेथेच तपासणी, तेथेच उपचार. युरोपातल्या अनेक देशांनी पुढे त्याचे अनुकरण केले. आपल्या पोरीने तीच हकिकत किती वेळा, किती टेबलांपुढे सांगितली ते माझ्या वहीत आहे. आकडा लिहीत नाही, लाज वाटते.

नुसता पैसा आणि नुसती इमारत यांवरही विसंबू नका. याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ कळंबोली येथे, मतिमंद मुलींच्या एका निवासी संस्थेत चाललेले भयंकर अत्याचार २०११ साली उघडकीस आले. उच्च न्यायालयाने वसतिगृहांची तपासणी करायला लावली म्हणून ते कळले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संचालकासह अनेकांना दोषी ठरवले. मुलांच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेचा हिशेब आणि दरवाजा, दोन्ही तपासले गेले पाहिजेत. म्हणूनच मी सोबतीच्या माणसाचा आग्रह धरते. बाहेरून येणारे, मुलाशी एकांतात बोलणारे आणि दुसऱ्या कोणाला तरी जबाबदार असणारे माणूस असले की बंद दाराआडचे पाप फार दिवस लपत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे सरकारनेच का करावे? दानशूर माणसे आहेत, संस्था आहेत. याचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ सालीच दिलेले आहे. मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले होते. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आई आणि मूल जपणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण पाहणे हे मुळात सरकारचे काम असल्यामुळे त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी बाईसाठी दया मागितली नाही. हक्क मागितला आणि त्याचे बिल कोणाच्या नावे फाडायचे तेही सांगितले. प्रांतिक अर्थकारणावर प्रबंध लिहिणारा तो महापुरुष होता. तरतुदीवाचून हक्क कागदावरच राहतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आणि तथागतांच्या चरित्रातली पटाचारा आठवा. पती, मुले, आईबाप, सारे एका दिवसात गेले. अंगावरच्या वस्त्राचेही भान नाही. लोक तिला वेडी म्हणून हुसकावीत होते. ती विहाराकडे आली तेव्हा जमलेली माणसे तिला अडवू लागली. तथागतांनी सांगितले, अडवू नका, येऊ द्या. ती भानावर आली तेव्हा कोणीतरी आपल्या अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. उपदेश त्यानंतर झाला. क्रम पाहा. आधी जवळ येऊ देणे, मग पांघरूण, मग बोलणे. आम्ही आमच्या बैठकीत नेमके उलटे केले होते. वर्षावासात ही कथा मी अनेकदा वाचली होती, परंतु उंबऱ्यावर बसलेली पटाचारा मला ओळखता आली नव्हती.

म्हणून मंडळात आम्ही आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याकडेही ठरवा.

मूल बोलले की त्याच्यावर विश्वास ठेवायचा. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. बैठक बोलवायची नाही. त्याच दिवशी १०९८ ला फोन किंवा थेट पोलीस ठाणे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो आणि पोलिसांनी तेव्हा गणवेशात असू नये, असे कायद्यात आहे. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने उपचार मोफत करायचे असतात आणि आधी पोलिसांचा कागद आणा असे म्हणायचे नसते. बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज करून सहायक व्यक्ती मागायची आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. अन्न, कपडे, प्रवास यांची तातडीची गरज असेल तर त्याच समितीला सांगायचे. तिने शिफारस केली की एका आठवड्यात रक्कम मिळावी, असे २०२० च्या नियमांत आहे. एस.टी.चे भाडे कर्ज काढून भरू नका, जसे त्या आईने भरले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील आणि मनोधैर्यचा अर्ज, दोन्ही मागायचे.

आणि एक काम माझ्यासारख्या लिहिता-वाचता येणाऱ्यांचे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात चार प्रश्न विचारायचे. जिल्ह्याच्या यादीत सहायक व्यक्ती किती आहेत? गेल्या वर्षी किती मुलांना दिल्या? त्यांना मानधन किती आणि किती महिन्यांनी मिळाले? या कामासाठी किती पैसा आला आणि किती पडून राहिला? आम्ही अर्ज लिहिला आहे. एका मंडळाने विचारले तर एक कागद होतो, पन्नास मंडळांनी विचारले तर ती फाइल वर जाते. हे मी टेबलाच्या अलीकडून सांगते आहे, मला फायलींची चाल माहीत आहे.

त्या पोरीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. खटल्याचा निकाल लागला. काय लागला ते लिहीत नाही, ओळख पटेल. वकीलबाईंशी बोलल्यानंतर आम्ही अर्ज केला आणि शेवटच्या काही तारखांना एक सहायक व्यक्ती आल्या. वयाने लहान, स्वभावाने शांत. पहिल्याच दिवशी त्यांनी साळावच्या पुलाआधी पोरीच्या हातात लिंबू दिले आणि विचारले, "पुलावरून होड्या दिसतात, मोजायच्या का?" पोरीने सात मोजल्या. इतक्या खेपांत मला ते सुचले नव्हते. मी प्रेमाने सोबत केली होती, त्या शिकून आल्या होत्या. कुशल कामगार म्हणतात तो हा.

आता ती माध्यमिक शाळेत जाते. गणित चांगले आहे. मागल्या पौर्णिमेला विहारात आली होती. मंडळाची वही बघत म्हणाली, "मावशी, ही बेरीज चुकलीय." खरेच चुकली होती.

तिच्या पानांचा हिशेब मी अजून बंद केलेला नाही. खर्चाची बाजू पूर्ण आहे. समोर 'येणे' म्हणून एकच ओळ आहे. मुरुडच्या, महाडच्या, म्हसळ्याच्या, कोणत्याही वाडीतल्या मुलावर हा प्रसंग ओढवला तर पहिल्या दिवसापासून त्याच्याशेजारी पगारी, शिकलेले, हक्काचे माणूस बसलेले असेल. ते येणे ज्या दिवशी वसूल होईल त्या दिवशी मी खाली रेघ मारीन. तोवर रजा आपल्या, वही आपली, आणि मागणीही आपलीच.

जयभीम!